उजेड, पाणी आणि शेजारचा टॉवर

"डॉक्टर, आमच्या शेजारची चार मजली इमारत पाडून तिथे वीस मजल्यांचा टॉवर येणार आहे. आमच्या तब्येतीवर त्याचा काही परिणाम होईल का?" पनवेलमध्ये हल्ली हा प्रश्न मला दवाखान्यात वरचेवर ऐकू येतो. विचारणारे कधी गावातले जुने रहिवासी असतात, कधी नवीन पनवेल किंवा कामोठ्याचे. खांदेश्वर आणि मानसरोवर स्थानकांसमोरच्या मोकळ्या जागांवर सिडकोने गृहसंकुले उभारायला घेतली, तेव्हा कामोठ्यातल्या रहिवाशांनी विरोध केला, त्यामागेही हीच काळजी होती.

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची. वाडे, विहिरी, वडाळे आणि कृष्णाळे तलाव असा या गावाचा जुना संसार. २०११ च्या जनगणनेत नगरपालिकेच्या हद्दीत १ लाख ८० हजार माणसे होती. २०१६ मध्ये खारघर, कामोठे, कळंबोली यांना घेऊन महानगरपालिका झाली आणि २०२५ मध्ये विमानतळ सुरू झाला. तेव्हा घरे वाढणारच. "बाहेरची माणसे नकोत" हा सूर मला पटत नाही. आपल्यापैकी निम्म्यांचे आईवडील बाहेरूनच आले. पण उजेड, पाणी आणि सांडपाणी यांबद्दलची तक्रार मात्र खरी आहे, आणि ती आकड्यांत मांडता येते.

आधी उजेडाचे पाहू. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि दोन वर्षांनी शहर सुधारण्यासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. पुढे ट्रस्टचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी साडेत्रेसष्ट अंशांचा नियम आग्रहाने मांडला. भूमिती विसरलेल्यांसाठी सांगायचे तर, समोरची इमारत जितकी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर दोन इमारतींमध्ये हवे. म्हणजे तळमजल्याच्या खोलीतूनही आभाळ दिसते. चार मजल्यांची इमारत साधारण १२ मीटर उंच, तिच्यासमोर ६ मीटर अंतर पुरे. वीस मजल्यांची ६० मीटर, म्हणजे ३० मीटर हवे. एवढी जागा सोडलेली तुम्ही कुठे पाहिली आहे का? मी तरी क्वचितच.

ही जुनी गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. गोवंडी-मानखुर्दच्या पुनर्वसन वसाहतींत काही इमारतींमध्ये जेमतेम ३ मीटर अंतर आहे. तिथल्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंडची पाहणी २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. जिथे उजेड आणि वारा कमी, तिथे क्षयाचे रुग्ण अधिक, असे तीत आढळले. क्षयाचे जंतू खोकल्यावाटे हवेत जातात आणि कोंदट खोलीत तासन्‌तास तरंगत राहतात. उन्हात ते लवकर मरतात, वाहत्या हवेत विरळ होतात. दिवसा दुपारी दिवा लावावा लागणाऱ्या घरात एक रुग्ण असला, तर बाकीच्यांचा धोका वाढतो. टॉवरच्या वरच्या मजल्यांवर भरपूर वारा असतो; अंधार वाट्याला येतो तो खालच्यांच्या आणि शेजारच्यांच्या.

आता पाणी. माझ्या मते आपल्या भागात याची चिंता सर्वांत जास्त करायला हवी. माणशी रोज १३५ लिटर हा शहरी पुरवठ्याचा सर्वसाधारण निकष. जुन्या इमारतीत आठ बिऱ्हाडे, घरटी पाच माणसे, म्हणजे दिवसाला ५,४०० लिटर. त्याच जागेवर ऐंशी बिऱ्हाडे आली की ५४,००० लिटर. यातले सुमारे ऐंशी टक्के सांडपाणी होऊन बाहेर पडते, म्हणजे ४३,००० लिटर, आणि ते जाते गल्लीतल्या त्याच जुन्या गटारात. देहरंग धरण उन्हाळ्यात तळाला जाते, मग पाणी एक दिवसाआड येते, टँकर सुरू होतात. नळ बंद असताना जलवाहिनीत दाब राहत नाही. शेजारून तुंबलेली गटारवाहिनी जात असेल आणि वाहिनीला एखादे छिद्र असेल, तर घाण आत ओढली जाते. पाणी सुटले की पहिल्या धारेबरोबर ती थेट सोसायटीच्या जमिनीखालच्या टाकीत उतरते.

मग एकाच विंगमधले पाच-सहा जण कावीळ घेऊन येतात. सेक्रेटरी म्हणतात, "टाकी तर गेल्याच आठवड्यात धुतली." त्यांचे खोटे नसते. पण दूषित पाण्याची कावीळ पोटात विषाणू गेल्यावर दोन ते सहा आठवड्यांनी, कधी त्याहूनही उशिरा दिसते. म्हणून महिनाभरापूर्वी काय झाले ते विचारावे लागते. कुठे खोदकाम झाले होते का? पायलिंग चालू होते का? टँकर कुठून आला होता?

डासांबद्दल थोडक्यात सांगतो. डेंग्यूचा डास बांधकामावरच्या स्वच्छ पाण्यात वाढतो. स्लॅबवर क्युरिंगसाठी अडवलेले पाणी, लिफ्टचा खड्डा, उघडी पिंपे, यांत आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. तो फार लांब उडत नाही, म्हणजे टॉवरचा डास चावतो तो शेजाऱ्यांनाच. बांधकामावर आठवड्यातून एक दिवस सर्व पाणी उपसून कोरडे ठेवायला सांगा, आणि ऐकले नाही तर महापालिकेकडे लेखी तक्रार करा.

हरकत घेताना "आमच्या परिसराची शोभा जाते" असे लिहू नका. इमारतीची उंची किती, मधले अंतर किती, पाण्याची नवी जोडणी किती इंचांची, सांडपाणी नेणार कुठे, पावसाचे पाणी जाणार कोठून, हे विचारा. २६ जुलै २००५ ला गाढी नदीने आपल्याला काय दाखवले ते ज्यांनी पाहिले, त्यांना शेवटचा प्रश्न समजावून सांगायला नको.

घरात मात्र आजपासून काही करता येते. केमिस्टकडे किंवा महापालिकेच्या आरोग्य केंद्रात ओटी द्रावणाची चौकशी करा. नळाच्या पाण्यात त्याचे थेंब टाकल्यावर पिवळी छटा आली तर पाण्यात क्लोरीन शिल्लक आहे. काहीच रंग आला नाही तर पाण्यात क्लोरीन शिल्लक नाही. अशा वेळी पाणी खळखळून उकळूनच प्यावे. घरात गर्भवती असेल तर तिला गाळणीच्या भरवशावर ठेवू नका. ई प्रकारची कावीळ शेवटच्या तीन महिन्यांत जिवावर बेतू शकते. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, तर झाडपाल्याच्या औषधासाठी गावोगाव न फिरता त्याच दिवशी रुग्णालयात न्या.