नगराचा आराखडा आणि नागरिकांचे मत

घर बांधावयाचे तर घरधन्याला विचारावे लागते. मग नगर बांधावयाचे तर कोणाला विचारावे? नागरिकांना, असे उत्तर आपणांपैकी कोणीही चटकन देईल. परंतु विचारावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, आणि नागरिक म्हणजे तरी कोण, असे दोन प्रश्न त्या उत्तराच्या पोटात दडलेले आहेत. अमेरिकेतील काही नगरांनी पहिल्या प्रश्नाचे एक उत्तर प्रत्यक्ष आचरून पाहिले, आणि ते आचरीत असताना दुसरा प्रश्न त्यांच्यापुढे उभा राहिला. त्या प्रयोगाचा आपण थोडक्यात विचार करू.

आपल्याकडील रीत श्रोत्यांस परिचित आहेच. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध होतो, हरकती व सूचना मागविल्या जातात, त्यांची सुनावणी होते, आणि अखेरची मंजुरी राज्य शासन देते. म्हणजे नागरिकाला बोलण्याचा अधिकार आहे; निकाल देण्याचा नाही. कॅलिफोर्निया राज्यात स्थिती निराळी आहे. तेथील राज्यकारभारावर रेल्वे कंपनीचे वजन फार झाले होते. ते हटविण्याच्या चळवळीतून १९११ साली राज्यघटनेत दुरुस्ती झाली आणि मतदारांच्या हाती दोन साधने आली. ठरावीक संख्येने सह्या गोळा करून नागरिकांनी स्वतःच एखादा कायदा मतास टाकावयाचा, हे एक. आणि लोकप्रतिनिधींनी केलेला कायदा सह्यांच्या बळावर मतपेटीसमोर उभा करावयाचा, हे दुसरे. पुढे काही नगरांनी पहिल्या साधनाच्या आधारे एक कायमचा नियमच करून टाकला: अमुक प्रकारचे नगररचनेचे निर्णय मतदारांच्या संमतीवाचून अमलात येणार नाहीत.

हे कायद्याला धरून आहे काय, अशी शंका कोणी घेईल. ती अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९७६ साली आली. ओहायो राज्यातील ईस्टलेक या गावाने असा नियम केला होता की, जमिनीच्या वापरात बदल करावयाचा तर शेकडा ५५ मतदारांची संमती हवी. आठ एकरांच्या एका तुकड्यावर उंच इमारत बांधू पाहणाऱ्या मालकाने त्याला हरकत घेतली. न्यायालयाने बहुमताने नियम वैध ठरविला. जी सत्ता लोकांनी स्वतःकडेच राखून ठेवली, ती कोणी त्यांना बहाल केली असे म्हणता येत नाही, हे त्यातील मुख्य सूत्र. परंतु एकट्या मालकाच्या छोट्याशा तुकड्याचा निवाडा साऱ्या गावाच्या मतांवर सोपविणे न्याय्य आहे काय, ही शंका विरोधी मत देणाऱ्या न्यायमूर्तींनी नोंदवून ठेवली आहे.

आता दोन नगरांची उदाहरणे घेऊ. पहिले सॅन फ्रान्सिस्को. या शहराच्या किनाऱ्यावर पूर्वी दुमजली मोटाररस्ता उभा होता. १९८९ च्या भूकंपात त्याची हानी झाली, तो १९९१ साली पाडण्यात आला, आणि समुद्र लोकांच्या दृष्टीस पुन्हा पडू लागला. त्याच किनाऱ्यावर नगरमंडळाने १९१२ नव्हे, तर अगदी अलीकडे, २०१२ साली, ८४ फुटांची मर्यादा १३६ फुटांवर नेऊन निवासी इमारतींस परवानगी दिली. लोकांनी सह्या जमविल्या आणि २०१३ च्या मतदानात तो निर्णय उलटविला. २०१४ च्या जूनमध्ये तर त्यांनी असा ठराव संमत केला की, बंदराच्या मालकीच्या किनाऱ्यावर उंचीची मर्यादा वाढवावयाची असल्यास प्रत्येक वेळी मतदारांस विचारले पाहिजे.

आता किनाऱ्यावर एक वीटही चढणार नाही, असे पुष्कळांस वाटले. घडले ते वेगळेच. त्याच वर्षी नोव्हेंबरात एका जुन्या गोदीच्या जागेवर ४० फुटांऐवजी ९० फूट उंचीची योजना मतास आली. तीत बागा, जुन्या इमारतींचे जतन आणि शेकडा ३० घरे बेताच्या भाड्याची, असे वचन होते. लोकांनी ती मोठ्या बहुमताने संमत केली. २०१५ साली दुसऱ्या एका योजनेने शेकडा ४० घरे बेताच्या भाड्याची देऊ केली. तीही संमत झाली. जो बांधणारा पूर्वी कचेरीत खेटे घालीत होता, त्याला आता लोकांच्या दारी येऊन त्यांना काय मिळणार ते सांगावे लागले.

दुसरे उदाहरण त्याच राज्यातील एन्सिनिटास या सुमारे साठ हजार वस्तीच्या समुद्रकाठच्या गावाचे. २०१३ साली येथील मतदारांनी थोड्या मताधिक्याने ठरविले की, जमिनीच्या वापरातील महत्त्वाचे बदल आणि दोन मजल्यांहून अधिक उंची यांना मतदारांची संमती हवी. इकडे प्रत्येक नगराने सर्व उत्पन्नगटांच्या घरांची तजवीज आपल्या आराखड्यात करावी, असा त्या राज्याचा कायदा १९६९ पासून आहे. नगरमंडळाने त्यानुसार योजना आखून २०१६ साली मतास टाकली, ती पडली. २०१८ साली दुसरी टाकली, तीही पडली. अखेर २०१८ च्या डिसेंबरात न्यायालयाने हुकूम केला की, मतदान बाजूला ठेवून १२० दिवसांत योजना मंजूर करा. २०१९ च्या मार्चमध्ये ती तशी मंजूर झाली.

साधन एकच, आणि फळे दोन. असे का व्हावे? आमच्या मते याचे कारण प्रश्नाच्या स्वरूपात आहे. सॅन फ्रान्सिस्कोत मतास पडत होती ती सार्वजनिक मालकीची जमीन. तिचे धनी सारेच नगरवासी. शिवाय प्रत्येक वेळी एक ठराविक योजना, तिचे लाभ नि तोटे, डोळ्यांपुढे होते. एन्सिनिटासमध्ये प्रश्न होता तो अद्याप न आलेल्या माणसांना जागा देण्याचा. जो गावात राहतो त्याला मत आहे; जो घर परवडत नाही म्हणून दूर राहतो आणि रोज कामासाठी येथे येतो, त्याला मत नाही. शेजारच्या इमारतीची सावली आपल्या अंगणात पडेल ही भीती मतपेटीत उतरते. ज्याला अंगणच नाही त्याचे दुःख तीत उतरत नाही. गाडी आधीच भरली आहे असे आतल्या प्रवाशांनी मताने ठरविले, तर फलाटावर उभे असलेल्यांची बाजू कोण मांडणार?

यावरून मतदान टाकाऊ ठरते, असे मात्र कोणी समजू नये. पुढारी आणि इमारतवाले यांचे संगनमत मोडण्यास त्यासारखा दुसरा उपाय क्वचितच सापडेल. मैदान, किनारा, टेकडी, तळे अशी सर्वांची म्हणून जी संपत्ती आहे, ती कोणाच्या हाती देण्यापूर्वी लोकांचा स्पष्ट होकार घ्यावा, हे उचितच होय. परंतु ज्या निर्णयाचा भार मताधिकार नसलेल्यांवर पडतो, तेथे केवळ उपस्थितांचे बहुमत पुरेसे नाही. त्यावर एखाद्या व्यापक कायद्याचा अंकुश हवा. आराखड्याबाबत लोकांना विचारा, असे आपण अवश्य म्हणावे. मात्र तसे म्हणताना, या गावात उद्या राहावयास येणाऱ्यांच्या वतीने कोण बोलणार आहे, हेही त्याच सभेत ठरवून घ्यावे.