‘अमेंड’ आणि ‘इमेंड’

इंग्रजींत ‘अमेंड’ आणि ‘इमेंड’ अशीं दोन क्रियापदें आहेत. उच्चारांतील अंतर इतकें थोडें, कीं एक हें दुसऱ्याचें चुकलेलें रूप वाटावें. वस्तुतः तीं सख्खीं भावंडें होत. लॅटिनमध्यें ‘मेंदुम’ म्हणजे दोष. त्याला ‘बाहेर’ या अर्थाचा उपसर्ग लागून ‘एमेंदारे’, म्हणजे दोष काढून टाकणें, हें क्रियापद झालें. तें फ्रेंचमधून इंग्रजींत उतरलें तें ‘अमेंड’. विद्वानांनीं पुढें थेट लॅटिनमधून घेतलें तें ‘इमेंड’. ‘अमेंड’चा आद्य स्वर गळून ‘मेंड’ हें तिसरें रूप निघालें.

या तिघांनीं कामें वांटून घेतलीं आहेत. फाटका सदरा ‘मेंड’ करावा, कायदा ‘अमेंड’ करावा, ग्रंथांतील पाठ ‘इमेंड’ करावा. ‘अमेंड’ करतांना मूळ चुकलेलेंच असावें लागतें असें नाहीं. काल योग्य असलेला नियम आज अपुरा पडतो, म्हणून तो बदलतात. भारतीय राज्यघटनेंत असा पहिला बदल १९५१ सालीं झाला. त्याला मराठींत घटनादुरुस्ती म्हणतात, हिंदींत संशोधन.

‘इमेंड’ करणाराची भूमिका निराळी. ग्रंथकारानें बरोबर लिहिलें होतें, चूक नकलनविसाची किंवा जुळाऱ्याची, असें तो मानतो. शेक्सपिअरच्या ‘पांचवा हेन्री’ या नाटकाच्या १६२३ च्या छापील प्रतींत फॉल्स्टाफच्या मृत्यूच्या वर्णनांत ‘टेबल’ हा शब्द हिरव्या शेतांशीं जोडलेला आहे. त्याचा अर्थ नीट लागत नाहीं. लुइस थिओबाल्ड यानें १७२६ सालीं तेथें ‘बॅबल्ड’, म्हणजे बरळला, असा पाठ सुचविला. मरणोन्मुख मनुष्य हिरव्या शेतांविषयीं बरळत होता, हा अर्थ अनेक संपादकांना पटला. परंतु नाटककाराचें हस्तलिखित उपलब्ध नसल्यानें तें अनुमानच राहिलें.

धोका येथेंच आहे. नकलनविसाची चूक सुधारतां सुधारतां संपादक ग्रंथकारालाच सुधारूं लागतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें काढलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचें आदिपर्व १९३३ सालीं पूर्ण झालें. त्याचे संपादक वि. सी. सुकथनकर यांनीं हस्तलिखितांतील कठीण पाठाचा आधीं अर्थ लावावा, दुरुस्ती मागाहून, हें धोरण ठेविलें. जेथें स्वतः पाठ सुधारला, तेथें तारांकन केलें.

म्हणून एका अक्षराचा हा भेद जपावा. घटना ‘इमेंड’ केली असें लिहिल्यास तींतील मुद्रणदोष काढला असा अर्थ होईल. आणि जुन्या कवीचा पाठ ‘अमेंड’ केला म्हटल्यास, कवीनें न लिहिलेलें त्याच्या नांवावर घातल्याची ती कबुली ठरेल.