‘स्ट्रुमा’ची जलसमाधी
रुमानियात ज्यूंच्या कत्तली चालू असताना, १२ डिसेंबर १९४१ रोजी कॉन्स्टान्त्सा बंदरातून साडेसातशेहून अधिक ज्यू निर्वासितांना घेऊन पॅलेस्टाइनकडे निघालेले ‘स्ट्रुमा’ हे जुनाट जहाज इंजिन बिघडल्याने इस्तंबूलला अडकले. पॅलेस्टाइनचा ‘मँडेट’, म्हणजे राष्ट्रसंघाने सोपवलेला कारभार, ज्यांच्या हाती होता त्या ब्रिटिशांनी प्रवेश नाकारला आणि तुर्कस्तानने मोजक्यांखेरीज कोणालाही उतरू दिले नाही. सुमारे सत्तर दिवसांनी, २३ फेब्रुवारी १९४२ रोजी, ते निकामी जहाज ओढत नेऊन काळ्या समुद्रात सोडून देण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी सोव्हिएत पाणबुडीच्या टॉर्पेडोने, म्हणजे पाण्याखालून सोडलेल्या स्फोटक अस्त्राने, ते बुडाले. डेव्हिड स्टोलियार हा एकच तरुण वाचला. या मृत्यूंची जबाबदारी जहाज सोडून देण्याच्या त्या निर्दय निर्णयावरही तितकीच येते.