रेंगाळलेला न्युमोनिया : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमध्ये संगणकापुढे बसणारा अभियंता असो, की तेथल्याच नव्या इमारतीवर सिमेंटच्या धुळीत राबणारा गवंडी असो, न्युमोनियातून उठल्यावर दोघांनाही एकच चिंता ग्रासते : ताप गेला, रजेची मुदत सरली, मग एक्स-रेवरचा डाग का जात नाही?

गैरसमज : औषध संपले की डागही गेला पाहिजे.

वस्तुस्थिती : औषध लागू पडल्यास ताप बहुधा दोन-तीन दिवसांत उतरू लागतो, परंतु वायुकोशांत साचलेल्या स्रावाचा निचरा शरीराला सावकाशच करावा लागत असल्यामुळे, निरोगी तरुणाचा डाग विरण्यास सुमारे ४ आठवडे, तर वृद्धांना व धूम्रपान करणाऱ्यांना कधी १२ आठवडेही लागतात. प्रकृती सुधारत असेल, तर हा विलंब स्वाभाविक होय.

गैरसमज : डाग राहिला, तर अधिक जालीम प्रतिजैविक घ्यावे.

वस्तुस्थिती : मुदत उलटूनही राहिलेल्या डागामागे क्षय, बुरशी, फुप्फुसाच्या आवरणातील पू, श्वासनलिकेत अडकलेला शेंगदाणा किंवा कर्करोगाची गाठही असू शकते. लिव्होफ्लॉक्सासिनसारखे औषध तर क्षयजंतूंनाही काही काळ दडपते. रोग्यास उतार पडल्याचा भास होतो आणि खरे निदान लांबणीवर पडते.

गैरसमज : थुंकीत जंतू दिसले नाहीत, म्हणजे क्षय नाही.

वस्तुस्थिती : सूक्ष्मदर्शकाखाली जंतू दिसण्यास एक मिलिलिटर थुंकीत ते किमान ५,००० ते १०,००० असावे लागतात. सीबीनॅट चाचणी त्याहून पुष्कळ कमी जंतू ओळखते आणि रिफाम्पिसिन हे औषध त्यांवर चालेल की नाही, हेही सुमारे दोन तासांत सांगते. सरकारी क्षयकार्यक्रमात ही तपासणी व उपचार मोफत आहेत.

गैरसमज : सीटी स्कॅन आणि दुर्बिणीची तपासणी म्हणजे निष्कारण खर्च.

वस्तुस्थिती : रोग्याची समग्र हकीकत, रक्तातील साखर आणि थुंकी तपासूनही उलगडा झाला नाही, तर सीटी स्कॅन आवश्यक ठरतो, आणि गरजेनुसार दुर्बिणीने श्वासनलिका पाहून तेथील द्रव वा तुकडा परीक्षेस पाठवावा लागतो. पन्नाशी ओलांडलेल्या धूम्रपान करणाऱ्याच्या फुप्फुसात एकाच जागी पुनःपुन्हा डाग उमटत असेल, तर ही तपासणी टाळणे धोक्याचे आहे.

डाग विरत आहे की वाढत आहे, याचा निवाडा दोन एक्स-रे शेजारी ठेवूनच होतो. म्हणून नोकरी बदलो वा बांधकामाची जागा, पहिला एक्स-रे तारखेसह जपून ठेवा आणि पुढच्या प्रत्येक तपासणीस तो सोबत न्या.