प्रोस्टेट कर्करोगातील मूलपेशी

प्रोस्टेट कर्करोगातील मूलपेशी म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीच्या अर्बुदातील अशा मोजक्या पेशी, ज्या स्वतःसारख्या नव्या पेशी घडवू शकतात आणि अर्बुदातील इतर पेशींनाही जन्म देऊ शकतात. अर्बुदाची वाढ, उपचारानंतर त्याचे पुन्हा उद्भवणे आणि हाडांपर्यंत होणारा प्रसार यांमागे याच पेशी असाव्यात, असे गृहीतक आहे. ते सर्वमान्य मात्र झालेले नाही.

== पार्श्वभूमी ==
प्रोस्टेट ही पुरुषांच्या मूत्राशयाखालील, साधारण अक्रोडाएवढी ग्रंथी होय. तिची वाढ पुरुषी संप्रेरकांवर अवलंबून असते. प्राण्यांमध्ये वृषणे काढल्यास ती आक्रसते आणि संप्रेरक पुन्हा दिल्यास पूर्ववत वाढते. हे चक्र अनेकदा घडवून आणता येते. त्यावरून संप्रेरकाविना तग धरणाऱ्या मूलपेशी या ग्रंथीत असल्या पाहिजेत, असे अनुमान निघाले.

चार्ल्स हगिन्स आणि क्लॅरेन्स हॉजेस यांनी १९४१ मध्ये दाखवले की, पुरुषी संप्रेरक घटवल्यास पसरलेला प्रोस्टेट कर्करोगही ओसरतो. हगिन्स यांना १९६६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. संप्रेरकरोध आजही या अवस्थेतील मुख्य उपचार आहे. परंतु काही महिन्यांनी वा वर्षांनी बहुतेक रुग्णांत रोग पुन्हा बळावतो.

== वाढीतील भूमिका ==
इंग्लंडमधील यॉर्क विद्यापीठात अ‍ॅन कॉलिन्स, नॉर्मन मेटलंड व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये रुग्णांच्या अर्बुदांतून मूलपेशींचे गुण असलेल्या पेशी वेगळ्या केल्या. त्यांचे प्रमाण सुमारे ०.१ टक्का, म्हणजे हजारात एक होते. २०१२ मधील एका संशोधनात पीएसए हे प्रथिन अत्यल्प बनवणाऱ्या पेशी संप्रेरकरोधाला दाद देत नाहीत, असे आढळले. रक्तातील पीएसएवरूनच उपचाराचा परिणाम जोखला जात असल्याने हा निष्कर्ष महत्त्वाचा ठरतो: आकडा खाली येतो तो मुख्यतः मरणाऱ्या सामान्य अर्बुदपेशींमुळे, आणि त्यातून मागे राहिलेल्या मूलपेशींचा हिशेब लागत नाही. बारामती-इंदापूर पट्ट्यातील ऊस उत्पादकांना हरळीचा अनुभव आहेच. वरचे गवत कितीही कापले तरी जमिनीतल्या काशांतून ते पुन्हा फुटते.

== प्रसार ==
हा कर्करोग प्रामुख्याने मणके, कटिभाग अशा हाडांत पसरतो. अस्थिमज्जेत रक्त निर्माण करणाऱ्या मूलपेशींसाठी विशिष्ट जागा असतात. प्रोस्टेट कर्करोगाच्या पेशी त्याच जागांसाठी त्यांच्याशी स्पर्धा करतात, असे उंदरांवरील प्रयोगांतून २०११ मध्ये दिसले. तेथे त्या दीर्घकाळ सुप्त राहू शकतात. वयस्कर पुरुषाची दीर्घकाळ न थांबणारी पाठदुखी केवळ वयावर ढकलू नये, याचे हे एक कारण.

== मतभेद ==
कर्करोगाचा आरंभ नेमका कोणत्या पेशीतून होतो, यावर एकमत नाही. २००९ मध्ये उंदरांतील स्रावी थराच्या पेशींकडे, तर २०१० मध्ये मानवी ग्रंथीच्या पायाथरातील पेशींकडे निर्देश करणारे निष्कर्ष आले. सामान्य अर्बुदपेशीही परिस्थितीनुसार मूलपेशींचे गुण धारण करू शकतात. शिवाय संप्रेरकग्राहीतील जनुकीय बदल हेही उपचार निष्फळ होण्याचे सिद्ध कारण आहे. सारा दोष मूलपेशींवर टाकता येत नाही.

== महाराष्ट्रातील संदर्भ ==
पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्रात डॉ. शर्मिला बापट व सहकाऱ्यांनी २००५ मध्ये अंडाशयाच्या कर्करोगातील मूलपेशींवर शोधनिबंध प्रसिद्ध केला. तो अवयव निराळा असला तरी प्रश्न हाच होता.

ग्रामीण भागातील कर्करोगाची लोकसंख्याधारित नोंदणी भारतात प्रथम १९८७ मध्ये इंदापूरच्या पूर्वेकडील बार्शी येथे सुरू झाली. तिचे मूळ क्षेत्र बार्शी, परांडा आणि भूम हे तालुके होते. बारामती आणि इंदापूर त्यात नव्हते. बारामतीत २०१९ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे.

== ‘स्टेम सेल उपचारा’शी गल्लत ==
कर्करोगातील मूलपेशी आणि जाहिरातींतील ‘स्टेम सेल उपचार’ या परस्परभिन्न गोष्टी आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्तनिर्मितीशी संबंधित मान्य विकार वगळता मूलपेशींचा वापर केवळ संमत चाचण्यांतच करता येतो. प्रोस्टेट कर्करोगावर मूलपेशी टोचण्याचा कोणताही प्रस्थापित उपचार नाही. संशोधनाची दिशा नेमकी उलट, म्हणजे अर्बुदातील मूलपेशी हेरून नष्ट करण्याची आहे.