मधाच्या नावाला जागायचं तर...

नाताळ जवळ आला की पनवेलच्या बेकऱ्यांत केकची गर्दी उसळते. यंदा आमच्या बचत गटातल्या बायकांनी जरा वेगळंच काढलं, जर्मनीचं ‘लेबकुखन’. नावाला घाबरू नका हं! मध आणि मसाला घातलेलं मऊसर बिस्कीट, एवढंच ते. दालचिनी, लवंग, वेलची, जायफळ, सुंठ, धणे; सगळं आपल्याच मसाल्याच्या डब्यातलं. तिकडे त्याला ‘फेफरकुखन’ म्हणजे मिरीचा केक असंही म्हणतात, कारण जुन्या काळी परदेशी मसाल्यांना सरसकट मिरीच म्हणायचे. आपल्या मलबारची मिरी व्हेनिसमार्गे न्यूर्नबर्गला पोचायची. मध मात्र तिथल्याच जंगलातला.

दीडशे ग्रॅम मध, पन्नास ग्रॅम गूळ आणि तेवढंच लोणी मंद आचेवर पातळ करायचं, उकळायचं नाही. कोमट झालं की अडीचशे ग्रॅम मैदा, दोन चमचे मसाला, अर्धा चमचा खायचा सोडा आणि लागेल तसं दूध. पीठ चिकट होतं, पण वरून मैदा ढकलू नका. रात्रभर झाकून ठेवा, सकाळी नीट लाटता येतं. ओव्हनमध्ये १७५ अंशांवर दहा-बारा मिनिटं. गार झाल्यावर बिस्किटं कडक होतात. मग डब्यात सफरचंदाची फोड ठेवायची, दोन दिवसांत मऊ पडतात. फोड मात्र रोज बदलायची. (वर्षाच्या आतल्या बाळाला मधाचं काहीच देऊ नका, हेसुद्धा नाही.)

खरा वाद पेटला तो मधावरून. चांगला मध महाग. एकीचं म्हणणं, “साखरेचा पाक घालू, चमचाभर मध टाकू. कोणाला कळतंय?” मला नाही पटलं. पाकिटावर घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. साखर पहिली आणि मध शेवटी, तर ते मधाचं बिस्कीट कसलं? ‘न्यूर्नबर्गर लेबकुखन’ हे नाव १९९६ पासून युरोपात संरक्षित आहे, त्या शहरात केलेल्यालाच ते लावता येतं. त्यातल्या ‘एलिझन’ प्रकारात निदान पाव हिस्सा बदाम-अक्रोडासारखा सुकामेवा हवा, मैदा दहा टक्क्यांच्या वर नको. आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्यालाही असंच मानांकन मिळालंय ना? दुसराच कांदा त्या नावाने गळ्यात मारला तर आपण किती चिडतो!

शेवटी दोन पाकिटं ठरली. एकावर स्वच्छ ‘गुळाची मसाला बिस्किटं’, ती स्वस्त. मधाची मात्र ऑर्डरप्रमाणेच, निम्मे पैसे आधी घेऊन.