एकदा मुरगळलेला घोटा वर्षभर का दुखतो? आणि त्यावर काय करायचं?

निगडीच्या दुर्गा टेकडीवर पहाटे चालायला जाणारे असोत, की सकाळची बस पकडून चाकणच्या कारखान्यात आठ तास उभं राहणारे कामगार असोत, घोट्याच्या दुखण्याची गोष्ट बहुतेकांची सारखीच असते. पायरी चुकते, पाय मुरगळतो. आठवड्याभरात सूज उतरते आणि माणूस कामाला लागतो. पण नंतर सहा महिने झाले तरी संध्याकाळी घोटा ठणकतो आणि खडबडीत रस्त्यावर पाय पुन्हा लचकतो.

हाड तर मोडलेलं नसतं. मग दुखतं काय?

सूज उतरली म्हणजे बरं झालं, असं नाही

घोट्याची हाडं लिगामेंट नावाच्या चिवट पट्ट्यांनी बांधलेली असतात. पाय आत वळून मुरगळला की बाहेरच्या बाजूची पट्टी ताणते किंवा फाटते. ती भरून येते, पण कधी कधी थोडी सैल राहते.

दुसरं नुकसान डोळ्यांना दिसत नाही. पाऊल कुठे आणि किती तिरकं पडलंय, ही खबर घोटा मेंदूला सतत देत असतो. दुखापतीनंतर ही खबर उशिरा पोहोचते. खड्ड्यात पाय पडला की स्नायू वेळेवर आवळत नाहीत आणि घोटा पुन्हा मुरगळतो. म्हणूनच नुसती विश्रांती पुरत नाही. सांध्याला पुन्हा शिकवावं लागतं.

कुठे दुखतं, त्यावरून अंदाज येतो

- बाहेरच्या बाजूला : बहुधा जुनी मुरगळ.
- आतल्या बाजूला, तळवा सपाट होत चाललेला : पायाची कमान उचलून धरणाऱ्या स्नायूबंधावर ताण.
- टाचेच्या मागे, सकाळी उठताना : पोटरीचा जाड स्नायूबंध.
- खोलवर, सांधा आखडलेला : जुन्या फ्रॅक्चरनंतरची झीज किंवा संधिवात.
- एका रात्रीत लालबुंद आणि गरम : युरिक ॲसिडचा त्रास किंवा सांध्यातला संसर्ग.

हा फक्त अंदाज. निदान डॉक्टरांचंच.

घरी काय करता येईल?

भिंतीला हात टेकवून दुखऱ्या पायावर 30 सेकंद उभं राहा. जमलं की हात सोडा. दोन्ही टाचा सावकाश उचलून सावकाश खाली आणा, 10 ते 15 वेळा. बसल्या बसल्या अंगठ्याने हवेत 'अ' ते 'ज्ञ' गिरवा. भिंतीला टेकून पोटरी ताणा. हे रोज, किमान सहा आठवडे. व्यायाम करताना थोडं जाणवलं तर चालेल, पण दुसऱ्या दिवशी दुखणं वाढलं तर प्रमाण कमी करा.

बूट उलटे करून तळ पाहा. टाच एका बाजूने झिजली असेल तर बूट बदला. सेफ्टी शूज सैल असतील तर लेस घट्ट बांधा. उभ्याने काम असेल तर मधूनमधून वजन एका पायावरून दुसऱ्यावर घ्या, सुट्टीत पाच मिनिटं बसा.

ताज्या मुरगळीवर जोरात मालीश करून घेऊ नका, त्याने सूज वाढू शकते. आणि शिफ्ट निघावी म्हणून रोज दुखण्याची गोळी घेणं पोट आणि किडनी दोन्हींना महागात पडतं.

डॉक्टरकडे कधी जायचं?

मुरगळल्यावर चार पावलंही टाकता येत नसतील, किंवा घोट्याचं हाड दाबल्यावर कळ येत असेल, तर एक्स-रे काढायलाच हवा. ताप आणि लाली, बधिरपणा, रात्री झोपमोड करणारं दुखणं असेल तरी थांबू नका. मधुमेह असेल आणि घोटा न दुखता सुजून गरम झाला असेल, तर लगेच दाखवा. व्यायाम करूनही सहा आठवड्यांत फरक नसेल, तर अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. निगडीकरांसाठी पिंपरीचं महापालिकेचं वायसीएम रुग्णालय जवळच आहे.

मुरगळ साधी वाटते म्हणून ती अंगावर काढली जाते. पण महिनोन्‌महिने दुखणारा घोटा वयामुळेच दुखतो असं नाही. बऱ्याचदा त्याचे धडे अर्धवट राहिलेले असतात, आणि ते उशिरा का होईना, पूर्ण करता येतात.